नव्या टाईल्समधून रेती निघतच राहिली: मानेवाड्यातल्या घराचे ४७ दिवस

१८ मेच्या संध्याकाळी आम्ही आपल्या घरी परत राहायला आलो. उंबऱ्यात चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि तळव्याला कचकच लागली. नवा रंग, नवी फरशी, आणि पायाखाली रेती. वाळूला आम्ही नागपुरात रेतीच म्हणतो, आणि इथल्या जुन्या-नव्या बहुतेक घरांत ती कन्हान नदीची असते. वाटलं, काम नुकतंच संपलंय, दोन-तीनदा पोछा मारला की निघून जाईल. ती निघून जायला ४ जुलै उजाडला.

या दिवसांत मी ज्याला-त्याला विचारलं. शेजारणी, मिस्त्री, दुकानदार, माझा भाऊ. सगळ्यांनी एकच सांगितलं, 'धुऊन काढा.' आमच्या बाबतीत नेमकं तेच चुकलं होतं. मी रोजचा खर्च आणि रोजचे उद्योग एका वहीत लिहीत होते. ती वही समोर ठेवून हे लिहिते आहे, म्हणजे कुणाच्या घरी असंच सुरू असेल तर त्यांचे निदान दोन-तीन आठवडे वाचतील.

घर सासऱ्यांनी बांधलेलं, बैठं. मोझॅकची फरशी जागोजागी खचली होती, म्हणून २८ एप्रिल ते १४ मे टाईल्सचं काम केलं. हॉल आणि दोन खोल्यांत दोन बाय दोन फुटांच्या चकचकीत व्हिट्रिफाईड टाईल्स, त्यांच्यात जेमतेम २ मिलिमीटरची फट. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि समोरची छपरी इथे एक बाय एकच्या खडबडीत टाईल्स, तिथली फट ५ मिलिमीटर. हा फटींचा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला, पण तेव्हा मी त्याकडे नक्षी म्हणूनच बघत होते.

बाबा, म्हणजे माझे सासरे, ७४ वर्षांचे आहेत. वीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि तळपायांची संवेदना बरीच कमी झाली आहे. आपल्याला खडा टोचला की आपण पाय उचलतो. त्यांना तो टोचलेला कळतच नाही. त्यामुळे ही रेती माझ्यासाठी नुसत्या स्वच्छतेची गोष्ट नव्हती.

१९ मेला सकाळी मी आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी बादलीभर पाणी, फिनाईल आणि पोछा घेऊन घर पुसून काढलं. ओलं होतं तोवर फरशी आरशासारखी. वाळली तशी तिच्यावर राखाडी साय आली, आणि दुपारी पुन्हा कचकच. दुसऱ्या दिवशी परत तेच. बादलीच्या तळाशी मात्र बोटभर रेती बसायची, म्हणून मला वाटत होतं, निघते आहे ना, निघू द्या. ते पाणी आम्ही न्हाणीघरातल्या जाळीत ओतत होतो. त्याचं फळ नंतर मिळालं.

२१ मेला मिस्त्री हिशोबाला आला. त्याला दाखवलं. तो म्हणाला, "काहून घाबरून राहिल्या ताई? नवीन कामाची रेती चार दिवस निघनच. ॲसिड मारून द्या, एकदम साफ होऊन जाते." त्यानेच ४० रुपयांच्या दोन बाटल्या आणून दिल्या. खिडक्या उघडल्या, बाबांना मागच्या खोलीत बसवलं, हातमोजे घातले आणि स्वयंपाकघर व छपरी ॲसिडने धुतली. सांध्यांवर फसफसून फेस आला. मी खूश झाले, मळ निघतोय म्हणून. डोळे चुरचुरत होते, घसा धरला होता, पण संध्याकाळी फरशी खरोखर उजळ दिसत होती.

तो फेस मळाचा नव्हता, हे मला सतरा दिवसांनी कळलं. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो. ॲसिड त्यालाच विरघळवतं आणि फेस येतो. सांध्यातलं सिमेंट म्हणजे रेतीच्या कणांना धरून ठेवणारा डिंक. डिंक विरघळला की कण मोकळे. म्हणजे मी रेती धूत नव्हते, सांध्यातून आणखी रेती सोडवत होते. दोन दिवसांत दाराच्या बिजागऱ्यांवर आणि नव्या नळाच्या तळाशी गंजाचे ठिपके आले, तेही त्या वाफांनी. एक गोष्ट मात्र मला आधीपासून माहीत होती म्हणून वाचलो. ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ द्यायचे नाहीत. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. सिंकखाली दोन्ही बाटल्या शेजारी असतील तर आजच वेगळ्या ठेवा.

२३ मेच्या रात्री बाबांचे पाय धुताना डाव्या अंगठ्याखाली लालसर ओरखडा दिसला आणि त्यात दोन कण रुतलेले. त्यांना काही जाणवलंच नव्हतं. सकाळी डॉक्टरांकडे नेलं. जखम वरवरची होती, ड्रेसिंग झालं. डॉक्टर म्हणाले, घरातही अनवाणी चालू नका, मऊ तळाची चप्पल घाला आणि रोज रात्री तळवे बघा. बाबांनी जन्मभर घरात चप्पल घातली नाही. देवघरात जाताना तर ते शक्यच नव्हतं. परतताना रिक्षात ते काही बोलले नाहीत, आणि मला त्याच दिवशी ठरवावं लागलं की आता अंदाजाने पोछा मारणं बंद. रेती येते कुठून, हे आधी शोधायचं.

२५ मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला. बाहेर ४५ अंश, घरात कूलर दिवसरात्र. त्या रात्री मी तीन साधे प्रयोग केले, आणि कुणालाही मी आधी हेच करायला सांगेन, कारण यात खर्च जवळजवळ नाही. काळ्या कार्डशीटचे चार तुकडे चार ठिकाणी ठेवले: कूलरच्या खिडकीपाशी, मुख्य दारात, स्वयंपाकघरात आणि मधल्या खोलीत. सकाळी कूलरपाशी ठेवलेल्या कागदावर स्पष्ट थर होता, मधल्या खोलीतला जवळपास कोरा. दुसरं, पारदर्शक चिकटपट्टी सांध्यावर दाबून उचलली आणि वहीत चिकटवली, शेजारी जागा आणि तारीख लिहिली. हॉलच्या पट्टीवर चार-दोन कण. स्वयंपाकघराची पट्टी मात्र सॅण्डपेपरसारखी. तिसरं, किल्लीच्या टोकाने सांधा हलकेच खरवडला. हॉलमध्ये ओरखडाही उठला नाही. स्वयंपाकघरात भुरभुर पीठ पडलं.

मग एका नाण्याने हॉलच्या टाईल्सवर ठोकत गेले. दाराजवळच्या दोन टाईल्स पोकळ वाजल्या. त्यातल्या एकीच्या कोपऱ्यावर पाय दाबला तर सांध्यातून रेतीची बारीकशी फुंकर उडाली. खालचा सिमेंट-रेतीचा मसाला नीट बसलेला नव्हता. टाईल दर पावलागणिक किंचित हलायची आणि खालची रेती वर ढकलायची.

म्हणजे रेती तीन वाटांनी येत होती आणि मी आठवडाभर एकाच वाटेवर पोछा मारत बसले होते.

पहिली वाट सोपी निघाली. शेजारच्या प्लॉटवर स्लॅबचं काम सुरू आहे. पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते, म्हणून मेमध्येच लोक भरून ठेवतात. त्या प्लॉटच्या काकांनीही तीनेक ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) रेती आमच्या कुंपणालगत टाकली होती, आमच्या कूलरपासून दहा फुटांवर. दुपारच्या वावटळीत ती उडायची आणि कूलर तिला आत ओढायचा. कूलरच्या बाजूंच्या गवताच्या ताट्या ओल्या असल्या तर बराच कचरा अडतो, पण आमच्या गेल्या वर्षीच्या, मध्ये विरळ झालेल्या होत्या. काकांशी बोलायला मी दोन दिवस कचरले. नवं बांधकाम करणाऱ्या माणसाला आपण अडथळा वाटू नये, असं होत होतं. शेवटी सकाळी चहाच्या वेळी गेले, कार्डशीटचा तुकडाच सोबत नेला आणि बाबांच्या पायाचं सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी ढिगावर ताडपत्री टाकली, कडेने विटा रचल्या आणि मजुरांना संध्याकाळी पाणी शिंपडायला लावलं. कूलरला मी २४० रुपयांच्या नव्या ताट्या बसवल्या. तीन दिवसांनी ठेवलेला कागद जवळपास स्वच्छ होता.

दुसऱ्या वाटेसाठी, म्हणजे भुसभुशीत सांध्यांसाठी, २७ मेला इतवारीतल्या त्या दुकानात गेले जिथून जॉइंट भरायची पावडर घेतली होती. दुकानदार म्हणाले, कंपनीकडे तक्रार टाकावी लागेल. त्यासाठी हे लागलं: जीएसटीचं पक्कं बिल, पावडरच्या पाकिटावरचा बॅच नंबर, किती चौरस फूट काम झालं तो आकडा, काम झाल्याची तारीख आणि सांध्यांचे जवळून घेतलेले फोटो. बिल होतं. पाकिटं मात्र मलब्यासोबत गेली होती. सुदैवाने एक अर्धं पाकीट जिन्याखाली सापडलं. इथे एक विनंती: काम संपल्यावर प्रत्येक सामानाचं एक रिकामं पाकीट जपून ठेवा, नाहीतर निदान त्याच्या छापील बाजूचा फोटो काढून ठेवा. अर्ज फोनवरून भरता आला. २८ मेला तक्रार क्रमांक मिळाला, ३ जूनला फोन आला, आणि ७ जूनला प्रतिनिधी घरी आला. हे अकरा दिवस फार जड गेले. पण त्या काळात मी ओलं पुसणं पूर्ण थांबवलं होतं, फक्त मऊ फुलझाडूने केर काढत होते, आणि नवल म्हणजे त्यानेच कचकच निम्मी झाली.

प्रतिनिधी तरुण मुलगा होता, घाई न करणारा. त्याने गुडघे टेकून सगळे सांधे पाहिले आणि मिस्त्रीला फोन लावून प्रश्न विचारले. तासाभरात चित्र समोर आलं. आम्हाला मिळालेली पावडर ३ मिलिमीटरपर्यंतच्या बारीक फटींसाठीची होती. ५ मिलिमीटरच्या फटीत ती पुरेना आणि आक्रसून तडकायला लागली, म्हणून मिस्त्रीने तिच्यात साडीच्या कापडाने चाळलेली बांधकामाची रेती मिसळली. न धुतलेल्या रेतीत गाळ असतो आणि गाळाला सिमेंट धरत नाही. पाणी अंदाजाने घातलं, घोळ पातळ झाला. पातळ वाटला म्हणून भरलेल्या सांध्यांवर वरून कोरी पावडर भुरभुरवली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्या दिवशी ४४ अंश तापमान होतं आणि लवकर वाळावं म्हणून दोन पंखे लावले होते.

मी म्हटलं, "वाळायलाच हवं ना?" तो म्हणाला, "ताई, सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची क्रिया होते, तेव्हा घट्ट होतं. क्रिया पूर्ण व्हायच्या आधीच पाणी उडून गेलं की उरते ती नुसती भुकटी." स्लॅबवर आठवडाभर पाणी मारताना आपण बघतो. तीच गोष्ट बोटाएवढ्या सांध्यालाही लागू आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यावर माझं ॲसिड. अहवालात 'सामानात दोष नाही' असं आलं, त्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत. मला थोडं वाईट वाटलं. पण त्या तासाभरात जेवढं कळलं तेवढं आधी कुणीच सांगितलं नव्हतं. हॉलचे सांधे बारीक असल्याने तिथे रेती मिसळलेली नव्हती आणि ॲसिडही मारलं नव्हतं, म्हणून ते धड होते. दुरुस्ती फक्त स्वयंपाकघर, न्हाणीघर, छपरी आणि त्या दोन पोकळ टाईल्सची.

आधी साफसफाई केली, ९ आणि १० जूनला. सोफे धुणाऱ्या एका मुलाकडून ओलं-सुकं दोन्ही ओढणारा मोठा व्हॅक्यूम ६०० रुपये रोजाने दोन दिवस आणला. सकाळी सहाला कूलर, पंखे बंद केले आणि वरून खाली सुरुवात केली: पंख्याची पाती, चौकटींच्या वरच्या कडा, सरकत्या खिडक्यांच्या खाचा. त्या खाचांतून मूठ-मूठ रेती निघाली. त्यानंतर स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाईलच्या पट्टीची, वरची धार. तिथे बोट फिरवून बघा, काम झालेल्या घरात ती धार रेतीने भरलेली असते आणि कुणाचं लक्ष जात नाही. फरशी सगळ्यात शेवटी.

फरशीवर आधी कोरडंच काम केलं. भिंतीकडून मध्यावर, मऊ झाडूने, दाब न देता. रेतीतला मुख्य कण क्वार्ट्झचा. कठीणपणाच्या मोजपट्टीवर तो ७ येतो, चाकूचं पोलाद साधारण साडेपाच. म्हणजे चकचकीत टाईलवरून रेती रगडली तर ती सुरीपेक्षा वाईट ओरखडते. आमच्या हॉलमध्ये लोखंडी कपाट सरकवताना खाली अडकलेल्या रेतीने दोन लांब कमानी कोरल्या आहेत. त्या आता कायमच्या. खराटा आणि तारेचा ब्रश म्हणूनच घरात आणू नका. झाडून झाल्यावर व्हॅक्यूमचं अरुंद तोंड प्रत्येक सांध्यावरून दोनदा फिरवलं, एकदा जाताना, एकदा येताना. त्या तोंडाच्या कडेला मी कापडी चिकटपट्टी लावली होती, घासलं जाऊ नये म्हणून. कोपऱ्यांत रंगाचा एक इंची कोरा ब्रश एका हातात, पाईप दुसऱ्या हातात. कण उचलायचा आणि हवेतच ओढून घ्यायचा. दोन दिवसांत जवळपास तीन किलो रेती निघाली. मी ती वजनकाट्यावर तोललीच.

पाणी त्यानंतर. रेती ओली झाली की तिचा चिखल होतो आणि पोछा तो चिखल सांध्यांत लिंपत जातो. पहिला आठवडाभर आम्ही तेच करत होतो. या वेळी दोन बादल्या घेतल्या. एकीत स्वच्छ पाणी आणि झाकणभर साधं, ॲसिड नसलेलं फरशीचं लिक्विड. दुसरी फक्त पोछा खळबळायला, तिच्या तळाशी पालथी स्टीलची चाळणी. रेती चाळणीखाली बसते आणि कापड तिला टेकत नाही. मायक्रोफायबरचं कापड घट्ट पिळून, चौघडी घालून, दर आठ-दहा टाईल्सना नवी बाजू. एका सकाळीत हॉल झाला. वाळल्यावर साय आली नाही. मावशी पायाने चाचपून म्हणाल्या, "बाई, आता लागून नाही राहिली."

खळबळलेलं पाणी अर्धा तास ठेवून, वरचं झाडांना घालून, खालची रेती वेगळी टाकली. कारण ६ जूनलाच न्हाणीघरातलं पाणी तुंबलं होतं. प्लंबरने जाळी काढली तर खालच्या नहाणी ट्रॅपमध्ये रेती आणि सिमेंटचा दगडासारखा गोळा. ट्रॅपमध्ये वास अडवायला पाणी साठून राहतं, त्यामुळे जड रेती तिथेच बसते. त्याने छिन्नीने हळूहळू तो फोडला, ३५० रुपये घेतले. आणखी पंधरा दिवस गेले असते तर टाईल फोडावी लागली असती, असं तो म्हणाला.

१२ जूनला मिस्त्रीला परत बोलावलं. आधी मी त्याच्यावर रागावले होते, पण तो स्वतःहून आला आणि प्रतिनिधीने लिहून दिलेला कागद त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. त्याचे तीन दिवसांचे ३,००० आणि मदतनिसाचे १,८०० ठरले. पोकळ टाईल्स काढून, खालची मोकळी रेती खरवडून, टाईल चिकटवायच्या मसाल्याने परत बसवल्या. भुसभुशीत सांधे हाताच्या खरवडणीने टाईलच्या जाडीच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत मोकळे केले. मशीनने लवकर होतं, पण टाईलची कड उडते आणि धूळ फार होते. ही धूळ खोकल्यापुरती नसते. रेतीची अतिबारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. मी दोघांना मास्क दिले आणि खरवडणीच्या मागोमाग व्हॅक्यूमचा पाईप धरला. तिसरा दिवस व्हॅक्यूम परत देऊन झाल्यावरचा होता, तेव्हा ओलं फडकं धरलं. मिस्त्री म्हणाला, पंधरा वर्षांत त्याला कुणी मास्क दिला नव्हता. ते ऐकून मला बराच वेळ काही सुचलं नाही.

व्हॅक्यूम खरं तर आधी १० तारखेपर्यंतच सांगितला होता. पण तो देणाऱ्या मुलाने कारण ऐकून १२ आणि १३ चं भाडं घेतलं नाही.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात इपॉक्सी भरायचं ठरलं. ५ किलोचं पाकीट २,९०० रुपये. राळ, ते घट्ट करणारं द्रव आणि भराव असे तीन भाग असतात, आणि एकदा कालवलं की उन्हाळ्यात ते हातात फार वेळ राहत नाही. म्हणून सकाळी, थोडं थोडं कालवलं आणि लगेच पुसत गेलो. त्याला सांधा पूर्ण कोरडा लागतो, तेव्हा दोन दिवस स्वयंपाकघर बंद ठेवलं आणि छपरीत शेगडी मांडली. छपरीला मात्र साधीच पावडर घेतली, पण ३ मिलिमीटरहून रुंद फटींसाठीची, ज्यात कारखान्यातच मोजून रेती घातलेली असते. सहा पाकिटं, ३६० रुपये. पाणी या वेळी मापाच्या पेल्याने, पाकिटावर लिहिलंय तेवढंच. कालवून काही मिनिटं तसंच ठेवलं, मग पुन्हा हलवलं. भरून झाल्यावर स्पंज घट्ट पिळून सांध्याला तिरका फिरवला, म्हणजे भरलेलं उकरून निघत नाही. पंखा बंद. संध्याकाळपासून ओला बारदाना अंथरला आणि तीन दिवस तो ओला ठेवला. त्यातच १६ जूनला पहिला दमदार पाऊस आला, हवा दमट झाली. पहिल्यांदाच पावसाने आमचं काम सोपं केलं.

बाकी किरकोळ: ब्रश आणि कापडं ४२०, छपरीच्या सांध्यांत मुरणारं सीलर ८५०. सीलर दोन आठवडे थांबून, सांधे पूर्ण कोरडे झाल्यावर लावलं. सगळं धरून, ॲसिडचे ८० आणि व्हॅक्यूमचे १,२०० मिळवून, ११,२०० रुपये झाले. पहिल्याच वेळी फटीच्या रुंदीची पावडर आणि तीन दिवस ओला बारदाना एवढं केलं असतं तर यातले बहुतेक वाचले असते. जे अजून काम सुरू करायचे आहेत त्यांना एवढंच कळकळीने सांगते की जमलं तर टाईल्सचं काम मेमध्ये काढू नका. काढलंच तर सांधे संध्याकाळी भरा आणि वाळवायची घाई करू नका.

४ जुलैला मी पुन्हा चिकटपट्ट्या घेतल्या. स्वयंपाकघर, न्हाणीघर, हॉल. वहीत २५ मेच्या पट्ट्यांशेजारी चिकटवल्या. बाबांनी चष्मा लावून दोन्ही पानं बघितली, नव्या पट्टीवर बोट फिरवलं आणि वही मला परत दिली. घरात ते आता मऊ चप्पल घालतात. देवघरापुरती काढतात, आणि तेवढ्या चार टाईल्स मी रोज सकाळी हाताने चाचपून बघते. अंगठ्याखालची जखम भरली आहे.

छपरीच्या पायरीजवळचा एक सांधा अजून किंचित भुरभुरतो, तो दिवाळीच्या आधी करायचा आहे. त्यासाठी परवा मिस्त्रीला फोन केला. तो त्रिमूर्तीनगरला एका घराचं काम करतो आहे. म्हणाला, "येऊन जातो ताई. अन् तो पाण्याचा पेला आहे ना तुमच्याकडे, तो मले देऊन द्याल का? इथं लागते."